डिझेलचा दाब कमी दाखवतोय? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

इंजिन उभ्या जागी छान वाजतं, रिकामी गाडी झकास ओढतं, सपाट रस्त्यावर कसलीही कुरकुर नाही. भरलेला ट्रक चढाला लागला की मात्र दम सुटतो. ‘गाडी लोड घेत नाही’ ही तक्रार आली की दोन उपाय हमखास सुचवले जातात: पंप बदला, नाहीतर प्रेशर वाढवा. पहिला उपाय खर्चिक असला तरी कधीकधी बरोबर ठरतो. दुसरा बहुतेक इंजिनांत निरुपयोगी आहे, काहींत धोक्याचा आहे, आणि इंजिनांच्या एका जुन्या घराण्यात तो खरोखर लागू पडतो. हा फरक कळला की अर्धं काम झालं.

सुरुवात एका प्रश्नापासून करावी लागते: कुठला दाब? डिझेल टाकीतून निघून सिलिंडरमध्ये फवारलं जाईपर्यंत त्याचा दाब निदान तीनदा बदलतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे तिथे दाब हवेच्या दाबापेक्षाही कमी, म्हणजे व्हॅक्यूम असतो. फीड पंपाच्या पुढे, फिल्टरमधून मुख्य पंपापर्यंत किंवा हेडमधल्या गॅलरीपर्यंत (इंजेक्टरना डिझेल पोचवणाऱ्या आतल्या वाटेपर्यंत), तो काही बार असतो. एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. जुन्या इनलाइन पंपांना एक ते अडीच बार पुरतो, इलेक्ट्रॉनिक युनिट इंजेक्टरच्या इंजिनांत तो बहुधा चार ते सात बारच्या आसपास असतो. आणि शेवटी प्रत्यक्ष फवारणीचा दाब, जो शेकड्यांपासून सुरू होऊन आजच्या कॉमन रेल इंजिनांत (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे ‘रेल’मधून, डिझेल पुरवणाऱ्या) २,००० बारच्याही वर जातो. वर्कशॉपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून जो दाब मोजतात आणि जो ‘सेट’ करता येतो, तो यातला मधला. या लेखात ‘दाब’ म्हटलं की मुख्यतः तोच.

आता ज्या गोष्टीवर सगळी तपासणी उभी आहे ती. फीड पंप दाब तयार करत नाही, तो फक्त डिझेल ढकलतो. दाब तयार होतो पुढच्या अडथळ्यामुळे. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाण्याला जोर येतो. नळ तेवढाच उघडा असतो, अडवणूक वाढलेली असते. ट्रकमध्ये अंगठ्याचं काम रिटर्न लाइनवरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह करतो. स्प्रिंगने दाबलेली गोळी किंवा पिस्टन, ठरावीक दाबाला उघडतो आणि जास्तीचं डिझेल टाकीकडे परत सोडतो. काही इंजिनांत व्हॉल्व्हऐवजी नेमक्या मापाचं बारीक भोक असतं. काम तेच.

म्हणजे गेजवर दाब कमी दिसला तर अर्थ दोनच निघतात. एक तर डिझेल पुरेसं येत नाही, किंवा येतंय पण सहज निसटून जातंय. पहिल्याची कारणं टाकी, नळ्या, फिल्टर, हवा आणि पंप यांत शोधायची. दुसऱ्याचं कारण व्हॉल्व्हमध्ये. गेज या दोन्ही वेळा सारखाच आकडा दाखवतो. म्हणून नुसता आकडा बघून पान्याला हात घालणं मला पटत नाही, मग बघणारा कितीही अनुभवी असो.

दाब वाढवला की ताकद वाढते, हा समज कुठून आला?

रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या इंजिनांत इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने आत मारलं जायचं. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर ट्रकवर वागवणं अवघडच होतं. १९२७ मध्ये बॉशने इनलाइन इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि डिझेल ट्रकला खरी चालना मिळाली. या पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असतो आणि किती डिझेल जाणार हे रॅकची दांडी प्लंजर किती फिरवते त्यावर ठरतं. फीड पंपाच्या दाबाचं काम एवढंच, की प्लंजरची जागा दर फेरीला पूर्ण भरावी. एकदा ती पूर्ण भरली की दाब आणखी वाढवून तिच्यात जास्त काय मावणार?

१९५४ मध्ये कमिन्सने पीटी पद्धत आणली. नावातच तिचं तत्त्व आहे: प्रेशर आणि टाइम. इथे इंजेक्टरच्या बारीक भोकातून डिझेल मोजून आत शिरतं. किती शिरणार हे दोन गोष्टींवर ठरतं, भोक किती वेळ उघडं राहिलं आणि मागे दाब किती आहे. वेळ इंजिनाच्या फेऱ्यांनी बांधलेला, त्यामुळे हातात उरतो तो दाब. या इंजिनात दाब म्हणजेच डिझेलचं माप. पूर्ण लोडला तो १०० पीएसआयच्या पुढे जातो, आणि गव्हर्नरमधल्या (फेऱ्यांवर लगाम ठेवणाऱ्या भागातल्या) स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून किंवा छोटं ‘बटण’ बदलून तो वरखाली करता येतो. जुने मेकॅनिक ‘बटण बदललं आणि गाडी उडायला लागली’ असं सांगतात ते याच इंजिनाबद्दल, आणि ते खरंही आहे.

तरी त्यातही गणित आहे. भोकातून जाणारा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब १० टक्के वाढवला तर डिझेल जेमतेम ५ टक्के वाढतं. तेवढ्याच वेळात दुप्पट डिझेल हवं असेल तर दाब चौपट लागतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की वेळ निम्मा होतो, म्हणून प्रत्येक फवाऱ्यात आधीएवढंच डिझेल टिकवायलाही दाब चौपट करावा लागतो. पीटी पंपाच्या सेटिंगमध्ये एकच आकडा पुरत नाही, कमाल फेऱ्यांचा आणि जास्तीत जास्त टॉर्कच्या फेऱ्यांचा असे वेगवेगळे दाब जुळवावे लागतात, ते यामुळे. हे काम नीट व्हायला टेस्ट बेंच लागतो. गाडीवर अंदाजाने वाढवलेला दाब पहिल्यांदा काळ्या धुरात दिसतो, मग एक्झॉस्टच्या तापमानात, आणि शेवटी टर्बो किंवा पिस्टनच्या बिलात.

त्यानंतरच्या इलेक्ट्रॉनिक युनिट इंजेक्टरमध्ये गणित पुन्हा पालटलं. प्रत्येक सिलिंडरवरचा इंजेक्टर हाच कॅमने चालणारा एक छोटा पंप, आणि किती डिझेल मारायचं ते ईसीयू (इंजिनाचा संगणक) सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेला, ठरावीक क्षण बंद ठेवून ठरवतो. गॅलरीतल्या डिझेलची कामं दोन: इंजेक्टर पूर्ण भरणं आणि त्याला थंड ठेवणं. सहा बारच्या जागी आठ केले म्हणून ताकद वाढत नाही. उलट इंजेक्टरच्या ओ-रिंगांवर ताण येतो, आणि त्या सुटल्या तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वर चढताना दिसली तर आनंद मानू नये.

कॉमन रेलमध्ये तर फिरवायला स्क्रूच उरला नाही. १९९५ मध्ये डेन्सोची कॉमन रेल हिनोच्या ट्रकवर आली, तेव्हापासून रेलचा दाब सेन्सर मोजतो आणि ईसीयू मीटरिंग व्हॉल्व्हच्या मदतीने क्षणाक्षणाला सांभाळतो. तिथे स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी शेजारी बघायचा. दोन्हींत लोडवर अंतर पडत असेल तर शोध बहुतेक वेळा पुन्हा कमी दाबाच्या बाजूला येऊन पोचतो, कारण मागून पुरेसं डिझेल आलं नाही तर पुढचा पंप तरी काय करणार. म्हणून पुढची तपासणी सगळ्याच इंजिनांना लागू आहे.

आधी सुरक्षेचं. फवारणीच्या दाबाचं डिझेल कातडीतून थेट आत घुसतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. आत मात्र डिझेल ऊतींत पसरत जातं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवायची वेळ येऊ शकते. गळती बोट फिरवून कधीही शोधू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. जुन्या इंजिनात मिसिंग (कुठला सिलिंडर काम करत नाही ते) शोधायला चालू इंजिनावर इंजेक्टर पाइपचा नट सैल करायची सवय असते. कॉमन रेलवर ती सवय जीवघेणी आहे. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरायला निर्मात्याने सांगितलेला वेळ द्यावा. चाकांना उटी (अडवायचे ठोकळे), पार्किंग ब्रेक, गरम टर्बोवर डिझेल उडणार नाही अशी नळीची वाट, हे सांगायला नको, तरी सांगतोय.

गेज, आणि तो कुठे लावायचा

ग्लिसरीन भरलेला गेज घ्यावा, साध्या गेजची सुई पंपाच्या ठोक्यांनी थरथरत राहते. अपेक्षित दाब गेजच्या मधल्या भागात येईल असं माप निवडावं: इनलाइन पंपाला चार बारपर्यंतचा, युनिट इंजेक्टरला दहा बारपर्यंतचा. सहा बार मोजायला चाळीस बारचा गेज लावला तर तो आकडा वाचला काय आणि न वाचला काय. लावायची जागा शेवटच्या फिल्टरच्या पुढे, कारण इंजिनाला खरोखर काय मिळतंय ते तिथे कळतं. फिल्टरच्या आधीही एक गेज लावता आला तर उत्तम. दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे फिल्टरने खाल्लेला दाब.

तपासणीआधी फिल्टर बदलू नका, हे माझं आग्रहाचं मत. नवा फिल्टर टाकला आणि दाब सुधारला तर पुरावा कचऱ्यात गेलेला असतो. आधी आहे त्या स्थितीत मोजा, मग बदला, मग परत मोजा, आणि काढलेला फिल्टर कापून आत बघा. काळा चिकट गाळ म्हणजे टाकीत पाणी आणि त्यावर वाढणारे जंतू; चकाकणारी धातूची पूड म्हणजे पुढे मोठं काम येतंय.

इंजिन गरम झाल्यावरच मोजायचं. थंड डिझेल दाट असतं, झिजलेल्या पंपालाही ते जमतं. गरम होऊन पातळ झालं की पंपाच्या आतल्या फटींतून मागे निसटायला लागतं. म्हणूनच काही गाड्या सकाळी ठणठणीत असतात आणि दुपारी टाकी अर्ध्याखाली गेली की रडायला लागतात. इंजिनाची उष्णता घेऊन परत आलेलं डिझेल थोड्याशा साठ्यात मिसळतं आणि सगळी टाकी तापते. डिझेल साधारण ४० अंशांच्या वर गेलं की दर सहा अंशांना एक टक्का ताकद कमी होते असा एक ढोबळ हिशोब आहे. त्यातली काही तक्रार दुरुस्तीची नसतेच, तापलेल्या डिझेलची असते.

आकडे चार वेळचे घ्यावेत: स्टार्टर मारताना, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना), कमाल फेऱ्यांवर विनालोड, आणि पूर्ण लोडवर. यातला शेवटचा सगळ्यांत बोलका. त्यासाठी डायनो (गाडीला जागेवरच लोड देणारं यंत्र) नसेल तर भरलेली गाडी चढावर न्यावी लागते. गेज केबिनच्या बाहेर, काचेतून दिसेल असा बांधावा. डिझेलने भरलेली नळी केबिनमध्ये आणू नये. आणि बघायला दुसरा माणूस हवा, चालवणाऱ्याने रस्ता बघावा. सुईचं वागणंही टिपायचं. लोड पडल्यावर सुई सावकाश खाली उतरत राहिली तर कुठेतरी चोक आहे. ती अंगात आल्यासारखी नाचत असेल तर हवेचा संशय धरा. आयडललाच कमी आणि फेऱ्या वाढल्या की ठीक, असं दिसलं तर पंप झिजला असण्याची शक्यता जास्त.

दाब कमी निघाला तर पुढची पायरी पंपाच्या मागे, ओढण्याच्या बाजूला. इथे व्हॅक्यूम गेज लावतात आणि मोजमाप पाऱ्याच्या इंचांत होतं. अनेक निर्माते स्वच्छ फिल्टरला ४ ते ६ इंच आणि वापरलेल्या फिल्टरला ८ ते १२ इंचांची मर्यादा देतात. नेमका आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्यावा. व्हॅक्यूम मर्यादेबाहेर गेला तर पंप बिचारा ओढतोय, डिझेलच येत नाही. टाकीचं झाकण उघडल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सुधारली तर टाकीचा व्हेंट बुजलाय. रबरी नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा मिटतो, बाहेरून नळी नव्यासारखी दिसते. हे सापडायला वेळ लागतो, कारण इंजिन बंद केलं की थर परत जागेवर जातो. टाकीत पडलेली चिंधी किंवा एखादं प्लास्टिकचं सील पिकअप पाइपच्या तोंडाशी येऊन चिकटणं हाही नेहमीचा प्रकार.

उलट व्हॅक्यूम जवळपास शून्य आणि दाबही कमी, तर पंप ओढतच नाही किंवा हवा पितोय. ओढण्याच्या बाजूची गळती फसवी असते. तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत, आणि दोष तिथेच. पारदर्शक नळीचा तुकडा पंपाच्या आधी आणि रिटर्नवर लावला की बुडबुडे दिसतात. खात्री करायला पंपाला टाकीऐवजी जवळच्या स्वच्छ डब्यातून छोट्या नळीने डिझेल द्यावं. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते पंप या वाटेत, बहुधा बॅन्जो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) कॉपर वॉशरशी, फिल्टरच्या सीलशी किंवा हँड प्रायमरशी (हाताने डिझेल चढवायच्या छोट्या पंपाशी). थांबले नाहीत, आणि लोडवर वाढताना दिसले, तर युनिट इंजेक्टरच्या इंजिनात एक वेगळीच शक्यता असते: इंजेक्टर ज्यात बसतो त्या तांब्याच्या स्लीव्हमधून जळालेला वायू गॅलरीत शिरतोय. ही हवा कितीही ‘एअर काढली’ तरी संपत नाही. नुसत्या बुडबुड्यांवरून अशा गाडीचे सगळे पाइप बदलले जातात, आणि गाडी जशीच्या तशी राहते.

ओढण्याची बाजू निर्दोष, हवा नाही, फिल्टर नवा, तरी दाब कमी. आता पंप की व्हॉल्व्ह? रिटर्न पाइप मापाच्या भांड्यात सोडून ठरावीक फेऱ्यांवर मिनिटाला किती डिझेल येतं ते मोजायचं. भरपूर येतंय आणि दाब कमी, तर व्हॉल्व्ह सैल आहे. येतच नाही आणि दाबही कमी, तर पंप गेलाय. रिटर्नची नळी चिमट्याने दाबून दाब वाढतो का बघणं ही प्रचलित युक्ती आहे, पण वाट बंद झालेला गिअर पंप कुठलं सील फोडेल सांगता येत नाही, आणि कॉमन रेलच्या रिटर्नवर तर हे करूच नये. भांड्याने तेच उत्तर मिळतं.

अखेर स्क्रू

व्हॉल्व्ह दोषी ठरला तरी आधी तो काढून बघावा. गोळीच्या बैठकीवर अडकलेला कचऱ्याचा एक कण पुरेसा असतो. साफ केल्यावर दाब जागेवर येतो आणि सेटिंगची गरजच उरत नाही. स्प्रिंग बसली असेल तर नवी घ्यावी. जुनी स्प्रिंग ताणून लांब करण्याची पद्धत फार दिसते. ती दोन-चार ट्रिपांपुरती चालते आणि मग पहिल्यापेक्षा खाली बसते. ज्या व्हॉल्व्हला लॉक नट आणि स्क्रू आहे त्यात लॉक नट सैल करून पाव फेरा, नट घट्ट, परत लोडवर मोजमाप. ज्यात शिम आहेत तिथे एका वेळी एकच पातळ शिम. निर्मात्याने दिलेल्या पल्ल्यात आकडा आला की थांबायचं, पल्ल्याच्या वरच्या टोकाला नेण्यात काही कमाई नाही. अनेक व्हॉल्व्ह मुळात सेट करण्यासाठी बनवलेलेच नसतात, ते बदलायचे.

झिजलेल्या पंपाची तूट व्हॉल्व्ह घट्ट करून भरून काढणं ही सगळ्यांत मोहाची चूक. जास्त फेऱ्यांवर आकडा सुंदर येतो, गाडी सुपूर्त होते, आणि गरम इंजिन आयडलला आलं की दाब कोसळतो. आता मूळ पंपाच्या जोडीला बिघडवलेला व्हॉल्व्हही दुरुस्त करावा लागतो.

पंपावर कारखान्याचं सील असेल तर ते गाडीवर तोडू नये. त्याचा संबंध वॉरंटीशी आणि धुराच्या नियमांशी आहे. यांत्रिक इंजेक्टरचा उघडण्याचा दाब, साधारण २०० ते ३०० बार, हा आणखी वेगळा विषय. तो हाताने चालवायच्या नोझल टेस्टरवर बघतात आणि शिम किंवा स्क्रूने जुळवतात. फीड प्रेशरशी त्याची गल्लत करू नये.

काम झाल्यावर सगळे जोड पुसून कोरडे करा, इंजिन लोडवर चालवा, परत बघा. ऑइलची पातळी लिहून ठेवा, चारही वेळचे आकडेही लिहा, कारण पुढच्या तक्रारीच्या वेळी तुलना करायला मॅन्युअलपेक्षा याच गाडीचे आकडे कामाला येतात. मग गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी हँड प्रायमरला हात न लावता स्टार्टर मारा. लगेच लागली तर ठीक. बराच वेळ फिरवावी लागली तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परतलंय, म्हणजे हवा अजून कुठूनतरी शिरतेय. पारदर्शक नळी काढून ठेवली असेल तर परत लावा.